कोल्ड ब्रू ओट्यावर आंबली, त्यात फिल्टरचा दोष किती?

ताई, तुम्ही विचारलं ते आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही दर्यापूरकडच्या गावात राहता, एक लिटरची काचेची बाटली अन् तिच्यात बसणारा स्टीलच्या जाळीचा धुऊन परत वापरायचा फिल्टर ऑनलाइन मागवला, व्हिडिओत पाहून कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात तासन् तास भिजवून काढायची कॉफी, करायला त्यात फिल्टर कॉफीची पावडर गच्च भरली, वरून पाणी ओतलं अन् चोवीस तास ओट्यावर ठेवून दिलं. झालं काय, तर तळाला बोटभर गाळ, चव भल्ली कडू, आणि झाकण उघडल्याबरोबर आंबूस वास. आता फिल्टर परत पाठवू का असं तुम्ही विचारता. नका पाठवू. यात फिल्टरचा दोष चार आण्यांचा, बाकीचे बारा आणे पावडरीचे अन् आपल्या मे महिन्याचे आहेत.

मी पुण्यात सहा वर्षं एका कॅफेत काउंटरमागं होतो, २०२० ला गावी आलो तो इथंच राहिलो, परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाड्यांना घरी केलेल्या कोल्ड ब्रूच्या बाटल्या विकतो. पुण्यात जे हातात बसलं होतं तेच इथं पहिल्याच उन्हाळ्यात करायला गेलो आणि लागोपाठ तीन घाणे नालीत ओतले, म्हणून हे सगळं अंगावर आलेलं सांगतो.

पहिली गोष्ट रूम टेंपरेचर. जिथल्या रेसिप्या आपण वाचतो तिथं रूम टेंपरेचर म्हणजे वीस-बावीस डिग्री, त्या हिशोबानं ते लोक बारा ते सोळा तास लिहितात, कोणी चोवीसही लिहितं. आपल्याकडं मे महिन्यात दिवसा बाहेर पंचेचाळीस, अन् स्लॅबच्या घरात रात्री अकरालाही भिंत हाताला गरम लागते, त्या ओट्यावर पाणी पस्तीस-छत्तीसच्या खाली उतरतच नाही. पाणी जितकं गरम तितका कॉफीचा अर्क लवकर उतरतो, म्हणजे चोवीस तासांत तुमच्या बाटलीत जे उतरायला नको तेही सगळं उतरलं. वर त्या उबेत जंतूंना तर सणच. कॉफीचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) पाचच्या आसपास राहते, लोणच्याइतकं आंबट असतं तर टिकलं असतं, पण पाच म्हणजे टिकायला पुरेसं आंबट नाही. तेव्हा कॉफी आहे, काळी आहे, कडू आहे, तिला काय होते असं समजू नका, डाळीच्या वरणासारखीच ती नासते.

आंबलेली कशी ओळखायची हे पण सांगतो, कारण काही कॉफी मुळातच आंबटसर असते आणि लोक ती घाबरून फेकतात. कॉफीचा स्वतःचा आंबटपणा करवंदासारखा किंवा आमसुलासारखा, जिभेच्या कडेला लागतो आणि मागं गोड सोडतो. नासलेलीचा वास शिळ्या आंबिलीसारखा येतो, वर बारीक बुडबुडे किंवा तवंग दिसतो, झाकण उघडताना फुस्स होते. असं झालं तर उकळून वाचवायच्या फंदात पडू नका, झाडालाही नको, नालीतच.

तर मग करायचं कधी अन् कुठं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी ओट्यावर खुशाल ठेवा, रात्री नऊला भिजवा, सकाळी नऊ-दहाला काढा. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत फ्रीज. पण सरळ फ्रीजमध्ये टाकली की गार पाण्यात अर्क लय हळू उतरतो, म्हणून मी आधी दीड-दोन तास बाहेर ठेवतो, नीट भिजू देतो, मग फ्रीजमध्ये सोळा ते अठरा तास. मधी लाइन गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही, पण पाच-सहा तास गेली असेल तर घड्याळ सोडा अन् चमच्यानं चव घ्या. खरं म्हणजे घड्याळ एरवीही सोडाच. आठ तासांनंतर दर दोन तासांनी एक चमचा काढून तितक्याच पाण्यात मिसळून चाखायची, आधी पचपचीत लागेल, मग एक वेळ येते की तोंड भरल्यासारखं वाटते, आणि त्याच्या पुढं गेली की घशाला कोरडेपणा येतो, दातून केल्यासारखा. तो कोरडेपणा यायच्या आधी काढायची. दोन-तीन वेळा असं केलं की तुमच्या घराचे तास तुम्हाला कळतात, माझ्या घराचे तुम्हाला कामाचे नाहीत.

फ्रीजच नसेल त्यांच्यासाठी एक जुगाड आहे, तो उन्हाळ्यातच चालतो. पसरट घमेल्यात चार बोटं पाणी, त्यात बाटली उभी, बाटलीवर ओलं पोतं गुंडाळायचं अन् त्याचं टोक घमेल्यातल्या पाण्यात राहू द्यायचं, आणि हे सगळं माठाजवळ वारा लागेल तिथं. आपली हवा मे महिन्यात इतकी कोरडी राहते की ओल्या पोत्यातलं पाणी उडता उडता बाटली पंचवीस-सव्वीसपर्यंत आणून सोडते, माठाचं जे तत्त्व तेच. तिथं दहा तासांत मस्त होते. पण झाली की लगेच संपवायची, साठवायची नाही. आणि जुलैत हे करू नका, दमट हवेत पोतं नुसतं ओलं राहते, थंड काही करत नाही.

आता पावडर. तुमच्या पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात पाहा, कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के असं लिहिलेलं सापडेल, फिल्टर कॉफीच्या पाकिटात सत्तर-तीस किंवा ऐंशी-वीस असं मिश्रण सर्रास असते, आणि एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत चिकोरीला नियमानं परवानगी आहे. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, कॉफीच नाही ते. दुधातल्या गरम कॉफीत तिचा दाटपणा छान लागतो, मला स्वतःला आवडतो, पण थंड पाण्यात तासन् तास भिजवली की जळक्या गुळासारखी कडू-गोडसर होते अन् चिखल करते. तेव्हा शंभर टक्के कॉफी घ्या. इन्स्टंट तर नकोच, ती आधीच काढून वाळवलेली कॉफी आहे, तिला भिजवायचं काय अन् गाळायचं काय.

बी कोणतं? अरेबिका जातीचं घ्या, मध्यम भाजलेलं. रोबस्टा स्वस्त आहे, आपल्या देशात जास्त तेच पिकते, पण त्यात कॅफीन जवळपास दुप्पट, अरेबिकात सव्वा टक्का तर त्यात दोन-सव्वादोन, आणि थंडात त्याची चव पोत्यासारखी लागते. चिकमंगळूर-कूर्गचं ऑनलाइन सहज मिळते, आंध्रातलं अरकूचंही चांगलं लागते. आणि हो, आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत, हे खुद्द अमरावतीच्या लोकांना सांगितलं तरी ते माझ्याकडं पाहून हसतात. तिकडून कधी दाणे हाती लागले तर करून पाहाच, आपल्या जिल्ह्याची म्हणून दोन घोट जास्तीचे जातात.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो दळणात, आणि तुमचा गाळ तिथूनच आला. तुमची जाळी असेल साधारण शे-दीडशे मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा असतो म्हणजे केसाच्या जाडीचा कण त्यातून रांगत नाही, पळत जातो. फिल्टर कॉफीची पावडर बारीक असते, तिच्यात असे कण ढिगानं, ते खाली उतरणारच, आणि उतरून तिथंही भिजत बसणार, म्हणून गाळ अन् कडूपणा दोन्ही सोबत येतात. कोल्ड ब्रूला लागतो भरडा. ज्वारीच्या कण्या माहीत आहेत ना, अगदी तितकं जाड. बोटांत चोळलं तर कण वेगळे टोचले पाहिजेत, पिठासारखं बोटाला चिकटलं की बारीक झालं समजा.

हातानं फिरवायचा दगडी किंवा लोखंडी दात्यांचा ग्राइंडर असला तर उत्तम. नसला तर मिक्सर चालतो, पण तो दळत नाही, तोडतो, म्हणून सलग फिरवायचा नाही. चटणीच्या भांड्यात पन्नास ग्रॅम दाणे टाका, दोन सेकंद टर्र, बंद, भांडं उचलून हलवा, परत टर्र, असं सहा-सात वेळा. मग मैद्याच्या चाळणीतून चाळा. खाली जी तपकिरी भुकटी पडेल ती पाहून तुम्हालाच धक्का बसेल, शंभर ग्रॅममागं वीस-पंचवीस ग्रॅम सहज निघते. ती फेकायची नाही, डब्यात भरून ठेवा, सकाळच्या गरम कॉफीला कामी येते. चाळणीत वर राहिलं ते आपलं. एकदा आईच्या जात्यावर भरडून पाहिलं होतं मी, भरडा तर असा सुंदर पडला की काय सांगू, पण कॉफीला हरभऱ्याच्या डाळीचा वास, आणि पुढचे आठ दिवस डाळीला कॉफीचा. आईनं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाणी. तुमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्टा. बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर ते कॉफीत घालूच नका, त्यातले क्षार कॉफीचा आंबट-गोडपणा मारून टाकतात आणि उरते ती खडू घोळल्यासारखी चव. नळाला शहानूर धरणाचं गोडं पाणी येत असेल तर ते उकळून, गार करून वापरा. आरओची कॅन घेत असाल तर तीही चालते, फक्त नुसत्या आरओत कॉफी जराशी पातळ, टोचरी लागते कारण त्यात काहीच उरलेलं नसते, कॉफीला दीडशेच्या आसपास टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) बरा पडतो. मी अर्धं आरओ अन् अर्धं नळाचं घेतो, झालं काम. पण हा शेवटचा दोन टक्क्यांचा खेळ आहे, आधी भरडा नीट करा मग पाण्याच्या मागं लागा.

माप असं धरा. ८० ग्रॅम भरडा, ६५० मिली पाणी. वजनकाटा नसेल तर भरड्याच्या पावशेराच्या पाकिटाचे तीन सारखे वाटे करून त्यातला एक घ्या, थोडंफार इकडंतिकडं चालते. भरडा स्वतःच्या दुप्पट वजनाचं पाणी पिऊन बसतो, त्यामुळं हाती येईल अर्ध्या लिटरला थोडं कमी, आणि तो अर्क आहे, सरळ प्यायचा नाही, त्यात तितकंच पाणी किंवा दूध घालायचं. जाळी दोन-तृतीयांशच्या वर भरायची नाही. तुम्ही गच्च भरली ना, तिथं चूक झाली, भिजून कॉफी फुगते, मधला गोळा कोरडाच राहतो आणि कडेची कॉफी दोघांचं काम करते. आधी जाळीत थोडा भरडा, त्यावर थोडं पाणी, लाकडी उलथन्याच्या दांड्यानं हळूच ढवळा, मग परत भरडा, परत पाणी, असं थरानं. दहा मिनिटांनी एकदा पाहा, वर कोरडी टोपी तरंगत असेल तर दाबून बुडवा.

काढताना जाळी उचला आणि बाटलीच्या तोंडावर तिरपी टेकवून पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. पिळायचं नाही, चमच्यानं दाबायचं नाही, जीव तुटतो तेवढ्या अर्कासाठी पण त्या शेवटच्या घोटभरातच सगळा गाळ अन् तुरटपणा असतो. मग बाटली दोन तास फ्रीजमध्ये न हलवता ठेवा, उरलासुरला गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ दुसऱ्या बाटलीत अलगद ओतायचं आणि खालचं बोटभर सोडून द्यायचं. आणि कृपा करून तुरटी फिरवू नका. हसू नका ताई, एका गिऱ्हाइकानं फिरवली होती, वर मलाच फोन करून विचारलं चव अशी काहून आली.

एवढं करूनही गाळ खुपत असेल तर जाळीच्या आत कापडाची पिशवी लावा. हे काही माझं डोकं नाही, १९६४ साली टॉड सिम्प्सन नावाच्या अमेरिकन केमिकल इंजिनिअरनं घरगुती कोल्ड ब्रूचं भांडं काढलं त्यातही नमद्यासारखा जाड, धुऊन परत वापरायचा फिल्टरच होता. आपण तर कापसाच्या मुलखातले, आपल्याला कापडाची काय कमी. मांजरपाटाची वीतभर लांब पिशवी शिवून घ्या, शिवण बाहेरून, नाडी घाला. फक्त कोरं कापड तसंच वापरू नका. चुलतभावाच्या साक्षगंधाला मी पाच लिटर कोल्ड ब्रू केली होती, ऐन वेळी पिशवी फाटली म्हणून दुकानातून नवं मांजरपाट आणलं, नुसतं पाण्यातून काढलं अन् वापरलं. पाहुण्यांनी पहिला घोट घेतला आणि एक मामा मोठ्यानं म्हणाले, याला कोऱ्या धोतराचा वास काहून येऊन राहिला? खळ असते त्याला. दोनदा खळखळ उकळा, दर वेळी पाणी फेका, आणि तिसऱ्यांदा कॉफीच्या चोथ्यासोबत उकळा, मग कापड कॉफीचं होते.

पिशवीला साबण, सर्फ काही लावायचं नाही, कापड वास धरून ठेवते अन् पुढच्या घाण्यात सोडते. चोथा झटकायचा, साध्या पाण्यात उलटी करून चोळायची, आणि उन्हाळ्यात दोरीवर कडक उन्हात टाकायची, अर्ध्या तासात कडकडीत होते. तीन-चार वापरांनंतर दहा मिनिटं उकळायची. पावसाळ्यात मात्र वाळतच नाही, कुबट होते, तेव्हा ओलीच डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. काळी पडली म्हणून फेकू नका, काळी पडणारच, वास बदलला की फेकायची.

स्टीलच्या जाळीला वेगळा रोग होतो, तिला तेल धरते. कॉफीत तेल असते, ते बारीक भोकांत बसते आणि महिनाभरात खवट होते, मग लोक म्हणतात फिल्टर खराब निघाला. धुतल्यावर जाळी उजेडाकडं धरून पाहा, काही भोकांत पाण्याचा पडदा तसाच चमकत राहिला, फुटला नाही, तर ती भोकं अर्धी बुजली आहेत. दर वापरानंतर लगेच, चोथा वाळायच्या आत, नळाखाली बाहेरून आत पाणी सोडा आणि जुन्या टूथब्रशनं बाहेरूनच घासा. आतून घासलं तर कण भोकात आणखी रुततात. पंधरा दिवसांतून एकदा गरम पाण्यात एक चमचा खायचा सोडा टाकून अर्धा तास बुडवून ठेवा. झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवा, आंबूस वास निम्म्या वेळा तिथंच लपलेला असतो, तुमचीही आज काढून हुंगून पाहा. तारेच्या घासणीनं जाळी घासू नका, एक तार तुटली की भोक पडते अन् मग खरंच परत करायची पाळी.

तयार अर्क फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो, पाणी न मिसळता. दूध घातलं की त्याच दिवशी संपवा. बर्फानं पचपचीत होते अशी सगळ्यांची तक्रार असते, तर थोड्या कॉफीचाच बर्फ करा. साखर थंडात विरघळत नाही, तळाशी करकर बसते, म्हणून गुळाचा पातळ पाक करून ठेवा, म्हशीच्या दुधात तो आणि कोल्ड ब्रू, झालं. आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री असतात तेव्हा एक करून पाहाच, ग्लासात बर्फ, दोन भाग संत्र्याचा ताजा रस, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच एक भाग अर्क. खाली केशरी, वर काळं. वरूड-मोर्शीकडचे माझे गिऱ्हाईक याला आधी नाक मुरडतात, मग दुसरा ग्लास मागतात.

शेवटी तुम्ही विचारलं की सासूबाईंना पित्ताचा त्रास आहे, थंडही चालत नाही, तर हीच गरम करून देऊ का. गरम करून द्या, पण कोल्ड ब्रूनं पित्त होत नाही असं सांगून देऊ नका. गरम कॉफी अन् ही, दोघींचा पीएच सारखाच निघतो, हिच्यात एकूण आम्ल थोडं कमी असते म्हणून घशाला मऊ लागते इतकंच. अर्क गॅसवर ठेवू नका, उकळला की त्याची जळकी चव होते. अर्धी वाटी अर्क कपात घ्या, तितकंच कडकडीत उकळलेलं पाणी वरून ओता, दूध घालायचं तर तेही गरमच घाला. पहिले दोन-तीन दिवस सकाळी काहीतरी खाल्ल्यावर, तेवढाच एक कप, आणि जळजळ झाली तर त्यांचा चहाच बरा.